सवलत दिली, शिकवायचे राहिले

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढे होता, हे आधीच मान्य करून टाकलेले बरे. राज्य शासनाने १९९६ मध्येच अशा मुलांसाठी अधिकृत तरतूद केली. जादा वेळ, लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, ही यादी हळूहळू पालकांच्या तोंडी बसली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्रे मिळू लागली. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि एरवी डॉक्टरांच्या तोंडी असणारा शब्द घराघरांत पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत, डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही जागा दिली. एवढे सगळे घडले. पण तिसरी-चौथीतला शुद्धलेखनाचा तास पूर्वी चालायचा तसाच आजही बहुतेक शाळांत चालतो. बाई उतारा सांगतात, मुले लिहून घेतात, चुकलेल्या शब्दांभोवती लाल गोल होतात आणि प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला जातो. डिस्लेक्सिया असलेले मूल तो दहा वेळा लिहून आणते आणि पुढच्या श्रुतलेखनात पुन्हा चुकवते. सवलती काढून घ्याव्यात असे मुळीच म्हणायचे नाही. त्या हक्काच्या आहेत. मात्र सवलतीमुळे गुण कापले जायचे थांबतात, शब्द काही लिहिता येऊ लागत नाही. या मुलांनाही शब्द लिहायला शिकवता येतो, याचा पुरेसा पुरावा आज हाताशी आहे. आणि तो पुरावा आपल्या वर्गातल्या पद्धतीच्या बाजूने नाही.

ही अडचण नेमकी कशाची, यावर शंभराहून अधिक वर्षे खल चालू आहे. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चलाख, खेळात समवयस्कांच्या बरोबरीचा, आकडेमोड व्यवस्थित करणारा, अक्षरेही ओळखायचा. तरी वयाच्या सातव्या वर्षापासून शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता-लिहिता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहिताना त्याने दोन अक्षरांची अदलाबदल करून ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ केले आणि लक्ष वेधूनही ती चूक त्याला चटकन दिसली नाही. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले आणि तेव्हापासून दोष डोळ्यांत किंवा दृश्य स्मरणात असावा ही समजूत जी चिकटली, ती अजून सुटलेली नाही. उलटी अक्षरे काढणारे मूल दिसले की आजही ‘हा डिस्लेक्सिया’ असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक पहिली-दुसरीत अक्षरे उलटी काढणे हे कितीतरी मुलांच्या बाबतीत होते आणि आपोआप जातेही. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचा बहुतांश कौल वेगळा आहे. या मुलांना ऐकू नीट येते, दिसतेही नीट. अवघड जाते ते बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी मनात वेगळे धरणे, त्यांचा क्रम सांभाळणे आणि प्रत्येक ध्वनीला त्याचे चिन्ह चटकन जोडणे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांसह २००९ मध्ये काढलेल्या निवेदनात डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगे हा यावरचा उपाय नव्हे, असे स्पष्ट म्हटले. आपल्याकडे मात्र असले उपाय अजून पैसे घेऊन विकले जातात.

ध्वनींचा हा घोळ वाचनापेक्षा लेखनात अधिक उघडा पडतो. वाचताना शब्द समोर असतो. अर्धा ओळखला तरी संदर्भावरून उरलेला भरून काढता येतो. लिहिताना समोर काहीच नसते, प्रत्येक चिन्ह आतून काढावे लागते आणि क्रमाने मांडावे लागते. जर्मनसारख्या भाषेत, जिथे अक्षर पाहिले की उच्चार बहुधा कळतो, तिथले डिस्लेक्सिया असलेले मूल दोन-तीन वर्षांत बिनचूक वाचू लागते. वाचन मंद राहते इतकेच. लेखनातल्या चुका मात्र पुढे अनेक वर्षे त्याची पाठ सोडत नाहीत. म्हणजे ‘आता वाचायला लागला, लिहायलाही येईल’ हा दिलासा फसवा आहे. लेखनातल्या या अडचणीचे परिणाम वहीतल्या लाल गोलांपुरते थांबत नाहीत. इंग्लंडमध्ये सम्नर, कॉनेली आणि बार्नेट यांनी २०१३ मध्ये दाखवले की ही मुले हळू लिहितात ती हात हळू चालतो म्हणून नव्हे, तर शब्द कसा लिहायचा या विचारात पुन्हा पुन्हा थांबतात म्हणून. पुढच्या अभ्यासात त्यांना असेही आढळले की लेखनात ही मुले वापरत असलेल्या शब्दसंग्रहालाही याची मर्यादा पडते. बोलताना ‘भयंकर’ म्हणणारे मूल निबंधात ‘मोठा’ लिहून मोकळे होते, कारण तो शब्द चुकण्याची भीती नसते. गुण न कापण्याची सवलत अशा मुलाला निबंधात पास करते, पण त्याचा शब्द त्याला परत मिळवून देत नाही.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही सगळी इंग्रजीची भानगड, मराठी आपण बोलतो तशीच लिहितो, मग अडचण कसली? इंग्रजी लेखनाची घडण गुंतागुंतीची आहे हे खरेच. युरोपातल्या भाषांची तुलना करणाऱ्या २००३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पहिल्या वर्षाअखेरीस बहुतेक देशांतली मुले साधे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती, तर इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडमधली मुले जेमतेम एक तृतीयांश. पण मराठीबद्दलचे विधान अर्धेच खरे आहे. आजच्या मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांचा ह्रस्व-दीर्घ भेद अर्थ बदलत नाही आणि कानाला विश्वासाने पकडता येत नाही. लेखनात मात्र तो पाळावाच लागतो. ‘श’ आणि ‘ष’ यांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच. ‘चमचा’ या एका शब्दातल्या दोन ‘च’चे उच्चार दोन, चिन्ह एक. ‘सरकार’ आपण ‘सर्कार’ म्हणतो आणि ‘सरकार’ लिहितो. ‘पुस्तक’मध्ये मात्र तसाच ऐकू येणारा जोड जोडूनच लिहायचा. ‘कृपा’ला ऋकार आणि ‘क्रम’ला रकार कुठे, हे कान सांगत नाही. आणि वेलांटी! ‘कि’ म्हणताना क आधी आणि इ नंतर. कागदावर पहिली वेलांटी क च्या डावीकडे. ध्वनींचा क्रम सांभाळणे हेच ज्याला जड जाते, त्या मुलाच्या दृष्टीने ही बारीकसारीक गोष्ट नाही.

देवनागरीच्या रचनेत आणखी एक गाठ आहे. आपण मुलांना अक्षरे शिकवतो ती ध्वनी म्हणून नव्हे, ध्वनींचे पुंजके म्हणून: ‘की’ हे एक, ‘कू’ हे एक, ‘स्त’ हेही एक. बाराखडी पाठ होते, पण क आणि ई हे वेगळे सुटतात ही जाणीव आपोआप येईलच असे नाही. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नडबद्दल २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की अक्षरांचा हा पसारा आत्मसात व्हायला इंग्रजी अक्षरांसारखे वर्ष-दीड वर्ष नव्हे, चौथीपर्यंतचा काळ लागतो आणि सुट्या ध्वनींची जाणीव सावकाश येते. कन्नड आणि देवनागरी लिपींची घडण एकाच जातीची असल्याने हा निष्कर्ष आपल्या उंबऱ्याशी येतो. पहिली-दुसरीत मुलाची गाडी ठीक चालते, कारण ‘कमळ’, ‘बदक’, ‘घर’ असे बिनजोडाचे शब्द पुंजक्यांनी भागतात. जोडाक्षरे आली की ‘स्त’मध्ये स् आणि त लपले आहेत हे ऐकू यावे लागते, आणि तिथे काही मुले अडतात. शिक्षकांना वाटते, ‘कालपर्यंत बरा होता, आता लक्ष देत नाही.’

एखाद्या वहीतली समजा तीन चुकीची रूपे घेऊ: ‘पुसक’, ‘पर्काश’ आणि ‘मूलगा’. तिन्हींभोवती सारखाच लाल गोल पडतो, पण तीन चुकांची तीन कुळे आहेत. ‘पुसक’मध्ये जोडातला एक ध्वनी निसटला आहे, मुलाला स् आणि त वेगळे ऐकू आलेले नाहीत. त्याला ‘पुस्तक’ सावकाश म्हणायला लावून प्रत्येक ध्वनीला एक खडा ठेवायला सांगितला, तर कुठे खडा कमी पडतो ते त्याच्याच लक्षात येते. ‘पर्काश’मध्ये सगळे ध्वनी हजर आहेत; र कुठे बसतो एवढेच चुकले. प मग र हे मुलाने बरोबर ऐकले आहे, फक्त र चा रफार केला. हे मूल चुकूनही बरेच काही बरोबर करते आहे. त्याला ‘प्रकाश’ आणि ‘पर्वत’ शेजारी ठेवून दाखवावे लागते की प आणि र यांच्यामध्ये थांबायला जागा असली तर र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, नसली तर प च्या पायाशी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पर्सीने आपल्या नावात केली ती चूक याच घराण्यातली. ‘मूलगा’ हे प्रकरण तर ध्वनीचे नाहीच. मुलाने ‘मूल’ हा शब्द ओळखला, त्याचा दीर्घ उकार लक्षात ठेवला आणि ‘मुलगा’ त्याच कुळातला म्हणून तोच वापरला. ही चूक अज्ञानापेक्षा विचाराची खूण जास्त आहे. या तिघांनाही ‘दहा वेळा लिहा’ हे एकच औषध देणे म्हणजे चूक पाहिली, पण वाचली नाही.

दहा वेळा लिहिण्याविरुद्धचा पुरावा आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. कॅथरिना गालुश्का आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठीच्या लेखन-शिक्षणाच्या नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी पद्धतशीर शिकवणे, लेखनाचे नियम उलगडून शिकवणे आणि शब्दांची घडण, म्हणजे मूळ, प्रत्यय, रूपे, शिकवणे या तिन्ही मार्गांचा लेखनावर मध्यम ते मोठा परिणाम दिसला. शब्द स्मरणात ठसवण्याच्या युक्त्या शिकवण्याचा मात्र खात्रीने सांगावा असा परिणाम हाती लागला नाही. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत ग्रॅहॅम आणि सँटँजेलो यांनी ५३ अभ्यास आणि ६,०३७ विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली होती. त्यात लेखन रीतसर शिकवल्याने सर्वसाधारण मुलांचेही लेखन सुधारले, आणि त्याचा फायदा वाचनालाही झाला. या दोन्हींतून माझ्या मते एकच गोष्ट ठळक होते. या मुलांना शब्दांची यादी नको, शब्द तसा का लिहितात ते हवे. ज्याचे स्मरण कमजोर आहे त्याच्यावर स्मरणाचेच ओझे टाकायचे आणि ते पेलले नाही की सवलत द्यायची, हा आपला सध्याचा क्रम आहे.

‘का’ शिकवण्यासाठी मराठीजवळ साधन तयार आहे, ही या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ नियम शासनाने स्वीकारलेले आहेत. ते व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी मुंग्यांच्या अक्षरात छापले जातात आणि आठवी-नववीत पाठ करून घेतले जातात. पण त्यातले ह्रस्व-दीर्घाचे नियम बरेचसे कानावर नव्हे, शब्दातल्या जागेवर उभे आहेत, आणि जागा डोळ्यांना दिसते. शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, दुसरा उकार: पाटी, लाडू, कवी, गुरू. जोडाक्षराच्या किंवा अनुस्वाराच्या आधी पहिली वेलांटी, पहिला उकार: किल्ला, कुस्ती, भिंत, उंट. आणि सर्वांत कामाचा नियम तो उपान्त्याचा, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा. एका बाजूला मूल, फूल, पूल, चूल, सून. दुसऱ्या बाजूला मुले, फुलांना, पुलावर, चुली, सुना. या चिठ्ठ्या मिसळून मुलांसमोर टाकल्या आणि दोन ढीग करायला सांगितले, तर व्याकरणाचा एकही पारिभाषिक शब्द न उच्चारता तिसरीतले मूल सांगू शकते की शब्दाला शेपूट लागले की दुसरा उकार पहिला होतो. ‘मूलगा’ लिहिणाऱ्याला नेमके हेच हवे होते. मग गरीब-गरिबाला, जमीन-जमिनीवर, वकील-वकिलांना हे शब्द त्याला पाठ करावे लागत नाहीत. एक नियम त्याच्या हातात येतो आणि तो नव्या शब्दाला लावून पाहता येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, पण ही भानगड पाचवी-सहावीत आणावी, पहिल्याच दिवशी अपवादांची माळ गळ्यात घालू नये. पाचवीच्या आसपास हिंदी उलट सवय लावते हेही शिक्षकांनी लक्षात ठेवावे: हिंदीत ‘फूल’चे ‘फूलों’ होते, दीर्घ उकार तसाच राहतो. साध्या मुलाला दोन्ही भाषांचे वळण वाचनातून आपोआप लागते. या मुलाला ते शेजारी शेजारी मांडून दाखवावे लागते.

ध्वनींच्या बाजूनेही सुरुवात लवकर करता येते. ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला प्रयोग या क्षेत्रातला मैलाचा दगड मानला जातो. ध्वनी ओळखण्यात मागे असलेल्या ६५ लहान मुलांपैकी काहींना दोन वर्षांत पसरलेल्या ४० बैठकांत सारख्या आवाजाचे शब्द ओळखायला शिकवले. काहींना तेच, पण प्लॅस्टिकची अक्षरे हाताळत. ध्वनी आणि अक्षर सोबत शिकलेली मुले सर्वांच्या पुढे गेली आणि त्यांचा फायदा वाचनाहूनही लेखनात मोठा होता. ४० बैठका दोन वर्षांत, म्हणजे महिन्याला दोनही नाहीत. आपल्याकडे यमकांची बडबडगीते, शेवटच्या अक्षरावरून गाणे म्हणायच्या भेंड्या हा माल पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. त्याला समोरच्या अक्षरांची जोड दिली की तोच पाठ झाला.

मात्र जे खपते ते सगळे सिद्ध झालेले असते असे नाही, आणि हे या मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच आधी सांगायला हवे. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने १९३० च्या दशकापासून चालत आलेली, डोळा-कान-हात एकत्र वापरणारी पद्धत जगभर आणि आपल्या खासगी उपचार-वर्गांतही प्रतिष्ठेची आहे. २०२१ मध्ये तिच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा परिणाम अनुकूल दिशेचा पण लहान निघाला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. याचा अर्थ वाळूत अक्षर गिरवणे निरुपयोगी असा नव्हे. त्या पद्धतीतला क्रम, एकेक पायरी आणि उजळणी या गोष्टींना इतर अभ्यासांचा आधार आहे. वाळू हे निमित्त. ‘तारे जमीन पर’ने आपल्या मनात वाळू, माती आणि रंग ठसवले, त्याबरोबर असे प्रत्येक मूल दडलेला चित्रकार असते ही समजूतही. त्यातली माया खरी. पण चित्रात पारितोषिक न मिळालेल्या मुलालाही ‘प्रकाश’ लिहिता यायला हवा.

आता इंग्रजी. २००० पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कॉन्व्हेंटच्या मुलांचा उरलेला नाही. इंग्रजी लेखन म्हणजे निव्वळ लहर, ते घोकण्यावाचून गत्यंतर नाही, हे बहुतेक शिक्षकांचे ठाम मत असते. लुइसा मोट्स यांनी जुन्या शब्दगणनेच्या आधारे दिलेला हिशेब वेगळे सांगतो: सुमारे निम्मे इंग्रजी शब्द ध्वनी-अक्षरांच्या नियमांनी पूर्ण सांगता येतात, आणखी ३६ टक्के शब्दांत एखादाच ध्वनी दगा देतो, खरोखर बेशिस्त असे ४ टक्केच. बाकीच्यांत शब्दाचे मूळ आणि अर्थ मदतीला येतात. ‘साइन’मध्ये जी हे अक्षर मुके वाटते, पण ‘सिग्नल’ म्हटले की ते बोलू लागते. दोन्ही शब्द एकत्र दाखवले तर तो जी लक्षात राहतो. स्पेलिंगची दहा शब्दांची यादी सोमवारी देऊन शनिवारी परीक्षा घेणाऱ्या तासात असे जोड दाखवायला पाच मिनिटे जास्त लागतील, यादीतले चार शब्द कमी करावे लागतील. ते करावे.

यावर एक आक्षेप मराठीच्या बाजूनेच येतो आणि तो गंभीर आहे: ह्रस्व-दीर्घ जर कानाला ऐकूच येत नाही, तर मुलांना छळण्यापेक्षा नियमच सोपे का करू नयेत? एकच वेलांटी, एकच उकार ठेवावा, ही मागणी जुनी आहे. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार काढून टाकले, आणि आकाश कोसळले नाही. भाषेचे लेखन सुलभ करण्याचा वाद व्हावा, त्यात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचाही विचार व्हावा. पण आज चौथीत बसलेले मूल त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही. शिवाय वरच्या तीन चुकांपैकी अशी सुधारणा एकीचीच वासलात लावेल. ‘पुसक’ आणि ‘पर्काश’ नव्या नियमांतही चुकीचेच राहतील, कारण ते ध्वनींचे आणि लिपीच्या घडणीचे प्रश्न आहेत. शुद्धलेखनाला जातीपातीच्या आणि प्रतिष्ठेच्या राजकारणाचा वास येतो, ही टीकाही निराधार नाही. अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी घरातले मूल ‘आनी’, ‘पानी’ लिहिते तेव्हा ते जसे ऐकते तसे नेमके लिहिते. त्याचे कान शाबूत आहेत, त्याला प्रमाणभाषेतले रूप शिकायचे आहे एवढेच. अशा मुलावर अक्षमतेचा शिक्का मारणे जितके चूक, तितकेच ‘घरचे वातावरण नाही’ म्हणून खरी अडचण असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणेही चूक. दोघांत फरक करायचा असेल तर पुन्हा चुकांचा प्रकार पाहण्याला पर्याय नाही.

वर्गात ३०-४० मुले, ग्रामीण भागात दोन शिक्षकांवर चार इयत्ता. एकेका मुलाच्या चुका वाचत कोण बसणार? हा आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो खरा आहे. पण नवा तास मागायचाच नाही. श्रुतलेखन तर होतेच, वह्या तर तपासल्या जातातच. उताऱ्यातले विखुरलेले शब्द चुकतील तसे घेण्याऐवजी आठवड्याला एकच नियम आणि त्याचे सहा-आठ शब्द घ्यावेत. पाहून उतरवण्याऐवजी शब्द झाकून, आठवून लिहून मग स्वतः ताडून पाहायला लावावे. मागच्या आठवड्याचे दोन शब्द पुढच्या आठवड्यात मुद्दाम आणावेत. चिठ्ठ्यांचे दोन ढीग अख्ख्या वर्गाने करायचे असतात, आणि २०१४ च्या त्या आकडेवारीवरून ते अख्ख्या वर्गाला मानवतेही. निबंध तपासताना मजकुराचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे दिले, तर ‘भयंकर’ लिहायचे धाडस करणाऱ्याला त्या धाडसाची किंमत मोजावी लागत नाही. खास शिक्षकाची गरज त्याने संपत नाही. काही मुलांना दररोज वेगळे शिकवावेच लागते आणि तिथे समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची संख्या तोकडी पडते. परंतु वर्गातले शिकवणे सुधारले तर त्या वेगळ्या खोलीत पाठवावी लागणारी मुले तरी कमी होतील.

फोन बोललेले टाइप करतो, चुकीचा शब्द सुधारून देतो, मग हा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे आता पालकही असतात. ही साधने मुलांना द्यावीत, मोठेपणी तर जरूर द्यावीत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र सुचवण्यांच्या यादीतून ‘दिन’ की ‘दीन’ हे निवडायला दोघांतला फरक थोडा तरी माहीत असावा लागतो, बोलून उमटलेला मजकूर वाचून तपासावा लागतो, आणि परीक्षा अजून कागदावर आहेत. आणखी एक कारण अधिक वजनाचे आहे. शब्द लिहायला शिकताना त्याचे ध्वनी, रूप आणि अर्थ एकत्र बांधले जातात आणि त्याचा लाभ वाचनाला होतो. लेखन सोडून दिले तर वाचनाचा तो आधारही जातो.

राहता राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकत होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा करावी लागत होती. आठव्या वर्षाआधी निदान घाईचे ठरू शकते, हे वैद्यकीय कारण रास्त आहे. पण त्याचा अर्थ शाळेने पहिली-दुसरीची वर्षे नुसती पाहत घालवावीत असा लावला जातो. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळांवर दोन कामे टाकली आहेत: अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि ती दूर करण्यासाठी योग्य त्या अध्यापनाच्या उपाययोजना करणे. दुसऱ्या कामासाठी प्रमाणपत्राची अट नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही तपासणीची साधने तयार केली आहेत, त्यामुळे मराठी मुलाला इंग्रजी शब्दांवर जोखण्याचे निमित्तही उरलेले नाही. डी.एल.एड.च्या विद्यार्थ्याला बालमानसशास्त्राच्या पेपरात डिस्लेक्सियाची व्याख्या लिहिता येते. ‘पुसक’, ‘पर्काश’ आणि ‘मूलगा’ यांतला फरक सांगता येतो का, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. ते विचारले जाऊ लागले, तर आठ वर्षांचे मूल शीवला किंवा नागपूरला तपासणीसाठी जाईल तेव्हा त्याच्यासोबत दोन वर्षांच्या चुकांची, प्रकारवार मांडलेली आणि कोणत्या शिकवण्याने कोणती सुटली याची नोंद असलेली वही असेल. तासाभराच्या चाचणीत हाती न लागणाऱ्या गोष्टी डॉक्टरांना त्या वहीत सापडतील, आणि पुढचे शिकवणे कुठून सुरू करायचे हे शाळेला आधीच ठाऊक असेल.